रिव्हर्सची खरखर : दोष गिअरबॉक्सचा की क्लचचा?

गेल्या पावसाळ्यात आमच्या गाडीचा रिव्हर्स खरखरायला लागला. गाडी पार्किंगमधून काढताना असा ‘खर्रर्र’ आवाज यायचा, की गेटवरचा वॉचमन मान वळवून बघायचा. पहिल्या गॅरेजवाल्याने आवाज ऐकला आणि गिअरबॉक्स खाली उतरवावा लागेल असं सांगून टाकलं. तो उतरवण्याआधी मला एक गोष्ट समजून घ्यायची होती : पुढचे पाचही गिअर लोण्यासारखे पडतात, मग रिव्हर्सच का ओरडतो?

त्यासाठी गिअरबॉक्सच्या आत डोकवावं लागतं. पुढे जाण्याच्या गिअरच्या जोड्यांचे दाते कायम एकमेकांत अडकलेले असतात. आपण दांडा हलवतो तेव्हा दाते दात्यांत जात नाहीत, फक्त कोणती जोडी शाफ्टला (फिरणाऱ्या आसाला) बांधायची ते ठरतं. बांधण्याआधी दोघांचा वेग सारखा करायला मध्ये सिंक्रोनायझर असतो. मेकॅनिक त्याला नुसतं सिंक्रो म्हणतात. त्यातली पितळी कडी गिअरच्या उतरत्या कडेवर घासते आणि वेग जुळला की मगच पुढची वाट मोकळी करते. धावत्या बसमध्ये चढणारा माणूस आधी दोन-चार पावलं बसबरोबर पळतो आणि मग दांडा पकडतो, तसंच हे. ही सोय मोटारीत 1928 साली कॅडिलॅकने आणली. त्याआधी वेग जुळवण्याचं काम ड्रायव्हरच्या कानावर आणि पायावर असायचं. जुने ट्रकवाले ज्याला डबल क्लच म्हणतात (गिअर बदलताना न्यूट्रलमध्ये क्लच एकदा सोडून पुन्हा दाबायचा), ती तीच विद्या.

रिव्हर्सला मात्र बहुतेक साध्या गाड्यांत ही सोय नसते. एकमेकांत अडकलेली दोन चाकं विरुद्ध दिशांना फिरतात. मध्ये तिसरं घातलं की शेवटच्याची दिशा उलटते, आणि गंमत म्हणजे या मधल्या चाकाला कितीही दाते असले तरी वेगाच्या प्रमाणात काहीच फरक पडत नाही. या मधल्या चाकाला आयडलर म्हणतात. दांडा रिव्हर्सला नेला की हा आयडलर शाफ्टवरून सरकत येतो आणि खरोखरच दात्यांत दाते घालतो. सरकता यावं म्हणून त्याचे दाते सरळ कापलेले असतात, पुढच्या गिअरसारखे तिरपे नसतात. गाडी मागे घेताना जो ‘ऊंऽऽ’ असा सूर लागतो, तो या सरळ दात्यांचा. तो दोष नाही, त्याने घाबरू नये.

सिंक्रो न देण्यामागचा हिशेब सरळ आहे : गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स कोणी टाकणार नाही. पण चाकं थांबली म्हणून आतलं सगळं थांबलेलं नसतं. इंजिन 800 आरपीएमवर आयडल असेल, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता मिनिटाला 800 फेऱ्या घेत असेल, तर न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्टही (इंजिनकडून जोर घेणारा) सेकंदाला तेरा फेऱ्यांहून जास्त वेगाने फिरत असतो. क्लच दाबल्यावर इंजिनचा जोर तुटतो, शाफ्ट लगेच थांबत नाही. पंख्याचं बटण बंद केल्यावर पाती आणखी थोडा वेळ फिरत राहतात, तसा तो गिअर ऑइलच्या चिकटपणाने हळूहळू मंदावतो. त्या दोन-तीन सेकंदांत रिव्हर्स टाकला, की फिरते दाते उभ्या दात्यांवर आपटतात. खर्रर्र ती हीच. थंड इंजिन सुरू झाल्या झाल्या आयडल चढलेला असतो, म्हणून सकाळी ती जास्त ऐकू येते.

म्हणजे पहिली तपासणी घड्याळाची. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये. क्लच पूर्ण दाबा, सावकाश पाच आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. आवाज गेला, तर गाडीत काही बिघडलेलं नाही, हात घाई करतो आहे. थांबायचं नसेल तर क्लच दाबलेला ठेवूनच आधी पहिला गिअर टाका आणि तिथून रिव्हर्सला न्या. पहिल्याचा सिंक्रो फिरता शाफ्ट धरून थांबवतो. इथे डबल क्लच मात्र मारू नका. मध्येच क्लच सोडला की थांबत आलेला शाफ्ट पुन्हा फिरायला लागतो.

पाच काय, दहा मोजूनही खर्रर्र आली, तर क्लच पूर्ण सुटत नाही. क्लचची प्लेट अजून फ्लायव्हीलला (इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला) कुठेतरी घासते आहे आणि शाफ्टला फिरवत ठेवते आहे. खात्री करायला इंजिन बंद करून रिव्हर्स टाकून बघा. तेव्हा गुपचूप पडला, तर संशय क्लचवरच पक्का होतो. (बंद इंजिनवर कधी दात्यावर दाता येऊन गिअर अडतो. न्यूट्रल करून, हँडब्रेक सोडून गाडी किंचित पुढे-मागे हलवली की पडतो.)

आता क्लच का सुटत नाही, याची कारणं स्वस्तापासून महागाकडे बघत जावीत. सगळ्यात आधी पेडलखाली हात घाला. मॅटवर घातलेली दुसरी जाड मॅट पेडलला तळापर्यंत जाऊ देत नाही, हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं. केबलचा क्लच असेल तर केबल ताणून लांब झालेली असते. गाडी पेडल अगदी जमिनीजवळ असतानाच उचलायला लागते, ही त्याची खूण. हायड्रॉलिक (केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा) क्लच असेल तर पेडल भराभर तीन-चार वेळा दाबून मग गिअर टाका. आवाज कमी झाला, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा सिलिंडर गळतोय. पेडलच्या वरच्या बाजूला ओल लागते का ते बोटाने बघा. कोकणात पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते, तेव्हा मात्र कुठलाच गिअर धड पडत नाही. वाकलेली प्लेट किंवा झिजलेली प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला दाबून धरणारी) निघाली, तर गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही, पण तेव्हाही दुरुस्ती क्लचचीच असते.

गिअरबॉक्सच दोषी असण्याची लक्षणं वेगळी आहेत. पडलेला रिव्हर्स गाडी मागे जाताना आपोआप निसटतो, किंवा क्लच सोडल्यावरही खडखड चालूच राहते. मग ऑइल काढून ड्रेन प्लगचं (ऑइल काढायच्या बुचाचं) चुंबक बघावं. त्यावर राखाडी मऊ लगदा असेल तर ती रोजची झीज. नखाला टोचणारे लोखंडाचे कपचे निघाले तर दाते तुटताहेत. रोजची खर्रर्र अंगावर काढली की आयडलरच्या दात्यांची टोकं झिजत जातात आणि शेवटी गोष्ट इथेच येते. म्हणून क्लचचं दुखणं क्लचवरच असताना मिटवायचं.

आमच्या गाडीत दहा मोजूनही आवाज आला, इंजिन बंद केल्यावर गेला. दुसऱ्या मेकॅनिकला मी एवढंच सांगितलं : क्लच दाबून दहा सेकंद थांबलं तरी खरखरतो, बंद इंजिनवर खरखरत नाही. त्याने बॉनेट उघडलं, केबलच्या टोकाचा नट पान्याने थोडा आवळला आणि म्हणाला, आता टाका.