आकाशवाणी: खात्यातून महामंडळापर्यंतची सत्तर वर्षं

सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की शाळेची वेळ झाली, हे पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांना घड्याळाकडे न बघता कळायचं. एवढ्या विश्वासाने ऐकला जाणारा हा आवाज १९९७ पर्यंत थेट सरकारी खात्याच्या ताब्यात होता.

सुरुवात खासगी होती. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं, पुढच्याच महिन्यात कलकत्त्याचं. रेडिओसंच महाग, तो बाळगायला लागणारा परवाना घेतलेले लोक मोजके. कंपनी तीन वर्षांत बुडाली आणि १ एप्रिल १९३० पासून सरकारने कारभार हाती घेतला. १९३५ मध्ये लायनेल फील्डन बीबीसीतून नियंत्रक म्हणून आले आणि ८ जून १९३६ रोजी 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव पडलं. बीबीसीतला माणूस इथे आला, तिची स्वायत्त रचना मात्र आली नाही. परक्या सरकारला ती नकोच होती. आपल्या सरकारलाही ती बराच काळ नको होती, हे जास्त लागतं.

फाळणीनंतर भारताच्या वाट्याला सहा केंद्रं आली. त्यांचा आवाज जेमतेम ११ टक्के लोकांपर्यंत पोचत होता. १९४८ मध्ये नागपूर आणि १९५३ मध्ये पुणे केंद्र सुरू झालं.

एका खात्याच्या हाती सगळं असलं की काय होतं, ते बाळकृष्ण केसकरांच्या काळात दिसलं. हे मराठी गृहस्थ १९५२ ते १९६२ माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीतावर त्यांचा मनापासून जीव होता. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम, आकाशवाणी संगीत संमेलन ही त्यांच्याच काळातली कामं, आणि त्यांचं ऋण मानायलाच हवं. पण चित्रपटगीतं त्यांना हलकी वाटत. त्यांनी ती आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली आणि श्रोत्यांनी सुई रेडिओ सिलोनकडे फिरवली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. देशाने काय ऐकावं हे एका मंत्र्याच्या आवडीवर ठरत होतं. त्याच दशकात, १ एप्रिल १९५५ पासून, पुणे केंद्राने 'गीतरामायण' ऐकवलं: गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत, दर आठवड्याला नवं गीत, अशी छप्पन्न गीतं. मोकळीक मिळाली तर एखादं केंद्र काय करू शकतं, याचा यापेक्षा चांगला दाखला माझ्याकडे नाही.

सरकारनेच नेमलेल्या चंदा समितीने साठच्या दशकातच आकाशवाणीच्या स्वायत्ततेची शिफारस केली होती. ती कागदावर राहिली. १९५९ मध्ये आकाशवाणीच्या पोटात जन्मलेलं दूरदर्शन १९७६ मध्ये वेगळं झालं, तेही त्याच मंत्रालयाखाली. आणीबाणीत दोन्ही माध्यमं सरकारचे भोंगे झाली. त्या अनुभवातून नेमलेल्या वर्गीस समितीने १९७८ मध्ये 'आकाश भारती' हा स्वतंत्र न्यास सुचवला. दोन्ही माध्यमं स्वायत्त महामंडळाकडे सोपवणारा प्रसार भारती कायदा व्हायला १९९० उजाडलं, आणि झाल्यावरही तो सात वर्षं लागूच झाला नाही. मधल्या काळात, फेब्रुवारी १९९५ मध्ये, क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून गेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं ठरवलं. त्यातला मुख्य निकाल न्या. पी. बी. सावंत यांनी लिहिला.

२३ नोव्हेंबर १९९७ रोजी प्रसार भारती महामंडळ अस्तित्वात आलं. अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी, वित्त आणि कार्मिक सदस्य, सहा अर्धवेळ सदस्य, दोन्ही माध्यमांचे महासंचालक आणि कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी, अशी मंडळाची रचना कायद्यात आहे. अध्यक्षांची शिफारस उपराष्ट्रपती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेली व्यक्ती यांची समिती करते. सरकारला हात घालता येऊ नये म्हणून ही तरतूद केली. पण पगाराचा मोठा भाग आजही मंत्रालयाच्या अनुदानातून येतो, आणि त्या मंत्रालयाचा प्रतिनिधी मंडळावर बसतो. खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. द्यायच्याच तर आकाशवाणीच्या, जशाच्या तशा.