वाहनातील संदेशवहन दोषांचे निदान

मोटारगाडीतील इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, एअरबॅग, स्टिअरिंग यांचा कारभार पाहणारी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल ज्या तारांवरून एकमेकांशी बोलतात, त्यांवरील संवाद तुटणे किंवा बिघडणे म्हणजे संदेशवहन दोष. तो नेमका कुठे आहे हे शोधणे म्हणजे त्याचे निदान. या दोषाची लक्षणे फसवी असतात. डॅशबोर्डवर एकदम पाच-सहा दिवे लागतात, वेगाचा काटा पडून राहतो, गाडी चालू होत नाही. आणि या साऱ्यामागे कधीकधी एकच गंजलेली अर्थची (वीज बॅटरीकडे परत नेणारी, बॉडीला जोडलेली) तार असते.

असे होण्याचे कारण माहितीच्या वाटपात आहे. चाकांचा वेग बहुधा ब्रेकचे मॉड्यूल मोजते आणि तोच आकडा गिअरबॉक्स, स्टिअरिंग व डॅशबोर्ड वापरतात. ते एक मॉड्यूल गप्प झाले की बाकीचे सगळे तक्रार करू लागतात. पूर्वी प्रत्येक कामाला स्वतंत्र तार असे. तारांचे हे जंजाळ आवरण्यासाठी बॉश कंपनीने १९८३ मध्ये ‘कॅन’ या संदेशवहन पद्धतीवर काम सुरू केले, १९८६ मध्ये ती डेट्रॉइट येथे मांडली, आणि १९९३ मध्ये आयएसओ ११८९८ हे तिचे आंतरराष्ट्रीय मानक झाले.

कॅनमध्ये एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारा असतात: कॅन-हाय आणि कॅन-लो. शांत असताना दोन्हींवर सुमारे २.५ व्होल्ट असतात. संदेश जाताना एक ३.५ पर्यंत चढते, दुसरी १.५ पर्यंत उतरते. मॉड्यूल फक्त दोन्हींतला फरक वाचते, त्यामुळे दोन्ही तारांवर सारखाच पडणारा बाहेरचा विद्युत गोंगाट आपोआप वजा होतो. मुख्य तारेच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोध असतो. प्रत्येक मॉड्यूल स्वतःच्या चुकाही मोजते: संदेश पाठवताना चूक झाली की मोजणीत साधारणपणे ८ वाढतात, संदेश नीट गेला की १ कमी होतो. मोजणी २५५ च्या पुढे गेली की मॉड्यूल स्वतःहून संवादाबाहेर पडते. इग्निशन बंद करून पुन्हा चालू केले की ही मोजणी नव्याने सुरू होते, म्हणूनच तेव्हा दोष अनेकदा गायब होतो आणि काही किलोमीटरनंतर परततो.

स्कॅनरवर, म्हणजे गाडीला जोडून दोषांची नोंद वाचणाऱ्या यंत्रावर, हे दोष ‘यू’ने सुरू होणाऱ्या कोडने दिसतात. यू०१०० म्हणजे इंजिनाच्या मॉड्यूलशी संपर्क तुटला, यू०१२१ म्हणजे एबीएसच्या (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) मॉड्यूलशी. इथेच सर्वांत महागडी चूक होते: कोडमध्ये नाव आले म्हणून ते मॉड्यूलच बदलले जाते. कोड एवढेच सांगतो की अमुक एकाचा आवाज ऐकू आला नाही. का आला नाही, हे तो सांगत नाही. त्यामुळे एकाच कोडवर न थांबता सर्व मॉड्यूलचे कोड वाचावेत आणि कोण कोणाविषयी तक्रार करतो, स्कॅनरला कोण उत्तरच देत नाही, हे मांडून पाहावे. सगळ्यांचे बोट एकाकडेच असेल तर त्या मॉड्यूलचा वीजपुरवठा, अर्थ आणि मुख्य तारेपासून त्याच्याकडे जाणारी फांदी तपासायची. सगळेच गप्प असतील तर दोष बहुधा मुख्य तारेत असतो. मात्र क्षीण बॅटरीवर स्टार्टर फिरवतानाही असे कोड ढिगाने नोंदले जातात. बॅटरी आधी पाहावी.

तारेची पहिली परीक्षा साध्या मल्टीमीटरने होते. बॅटरी सोडवून, स्कॅनर जिथे जोडतात त्या निदानाच्या सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकांच्या पिनांमध्ये रोध मोजतात. दोन १२० ओहम समांतर असल्याने सुमारे ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा रोध किंवा मधली तार तुटली आहे. शून्याच्या जवळ आले तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. ४० आले तर कुठेतरी तिसरा रोध जोडला गेला आहे.

पण ६० ओहम आले म्हणून तार निर्दोष ठरत नाही. एखाद्या फांदीची तार तुटली किंवा एक तार बॉडीला शॉर्ट झाली, तरी हाच आकडा येऊ शकतो. शिवाय अनेक नव्या गाड्यांत सॉकेटच्या तारा फक्त गेटवे मॉड्यूलपर्यंत (गाडीतील वेगवेगळी जाळी जोडणाऱ्या मॉड्यूलपर्यंत) जातात. तिथे मोजून पलीकडच्या जाळ्याविषयी काहीच कळत नाही. शॉर्ट आहे का, हे बॅटरी जोडून, इग्निशन चालू ठेवून प्रत्येक तारेचे व्होल्ट मोजल्यावर कळते, आणि व्होल्टचा चढउतार आलेखात दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर त्याहून स्पष्ट. निरोगी कॅनचे दोन आलेख एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असतात. एक सपाट पडला असेल तर दोषी तार लगेच ओळखू येते. मग एकेक मॉड्यूल सोडवत जायचे. ज्याच्या सुटण्याने आलेख सुधारतो, दोष त्या मॉड्यूलमध्ये किंवा त्याच्या फांदीत असतो.

वीजपुरवठा आणि अर्थ भाराखाली तपासणे मला या साऱ्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते. तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी मल्टीमीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो जवळजवळ करंट ओढतच नाही. त्याच तारेवर टेस्ट बल्ब लावला की तो मिणमिणतो आणि खोट उघडी पडते.

अधूनमधून येणारा दोष खरी चिकाटी मागतो. दरवाजाच्या बिजागरीपाशी वाकणारे हार्नेस (तारांचे जुडगे), पाणी शिरून हिरवट गंज चढलेले कनेक्टर, नंतर बसवलेली ट्रॅकर किंवा म्युझिक सिस्टिमची जोडणी या नेहमीच्या जागा. आलेखावर नजर ठेवून हार्नेस हाताने हलवत जावे. सापडलेली तुटलेली तार जोडताना दोन्ही तारांचा पीळ जोडाच्या शक्य तितक्या जवळपर्यंत कायम ठेवावा.