स्पॅनिश आणि इंग्रजीतल्या फसव्या शब्दजोड्या: पार्श्वभूमी

पुण्या-मुंबईत स्पॅनिश शिकणारा मराठी विद्यार्थी ती भाषा बहुधा इंग्रजीचा हात धरूनच शिकतो. शब्दांचे अर्थ इंग्रजीत दिलेले असतात, व्याकरण इंग्रजीत समजावलेले असते आणि दोन्ही भाषांची लिपी रोमन असल्यामुळे पहिल्याच धड्यातले कितीतरी शब्द ओळखीचे वाटू लागतात. ही ओळख पुष्कळदा खरीही असते. पण ‘एम्बारासादा’ या शब्दाचा अर्थ इंग्रजी ‘एम्बॅरस्ड’सारखा ‘ओशाळलेली’ असा होत नाही, तर ‘गरोदर’ असा होतो, ‘लिब्रेरिया’त पुस्तके वाचायला मिळत नाहीत, विकत मिळतात, आणि ‘कारपेता’ जमिनीवर अंथरत नाहीत, तिच्यात कागद ठेवतात. अशा जोड्यांच्या याद्या विद्यार्थी पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. याचे कारण, माझ्या मते, हे की यादी फक्त फरक सांगते. तो फरक कुठून आला हे सांगत नाही. तो इतिहास ठाऊक झाला की यातले बहुतेक शब्द वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

अशा शब्दांना ‘खोटे मित्र’ हे नाव मिळाले ते फ्रेंच भाषेत. माक्सिम केसलेर आणि झ्यूल देरोकिन्यी यांनी 1928 मध्ये इंग्रजी आणि फ्रेंच यांच्यातल्या फसव्या शब्दांवर पुस्तक लिहिले, आणि त्याच्या शीर्षकातला ‘फोझामी’ हा शब्दप्रयोग पुढे सर्वत्र रूढ झाला. स्पॅनिशमध्ये त्याचेच ‘फाल्सोस आमिगोस’ झाले. अमेरिकेत या प्रश्नाकडे शिक्षणशास्त्राच्या अंगाने पाहणाऱ्यांत रॉबर्ट लाडो हे महत्त्वाचे नाव आहे. स्पॅनिश आईवडिलांच्या पोटी फ्लोरिडातल्या टँपा येथे जन्मलेल्या लाडो यांनी 1957 मध्ये असे मांडले की, शिकणाऱ्याची मातृभाषा आणि नवी भाषा शेजारी ठेवून पाहिल्या तर अडचणी कुठे येणार हे आधीच ओळखता येते, आणि रूप सारखे पण अर्थ वेगळा असलेले शब्द हा त्यांतला विशेष धोक्याचा गट होय. अगदीच अनोळखी शब्द आला तर माणूस शब्दकोश उघडतो. ओळखीचा वाटणारा शब्द मात्र तो उघडूच देत नाही.

या सारखेपणाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. मात्र दोन्ही भाषांचे लॅटिनशी नाते एकाच प्रकारचे नाही. इसवी सनापूर्वी 218 मध्ये रोमन सैन्य इबेरियन द्वीपकल्पात उतरले आणि पुढील काही शतकांत तिथल्या बोलचालीच्या लॅटिनमधून स्पॅनिश घडत गेली. इंग्रजी ही मुळात जर्मानिक कुळातली भाषा. 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर दरबार आणि न्यायालय यांची भाषा फ्रेंच झाली, त्या वाटेने हजारो शब्द इंग्रजीत शिरले आणि नंतर विद्वानांनी थेट लॅटिन ग्रंथांतून आणखी शब्द उचलले. म्हणजे स्पॅनिशला लॅटिन शब्द मुळात वारशाने मिळाले, पुढे तिनेही ग्रंथांतून काही उचलले, आणि इंग्रजीने ते बरेचसे फ्रेंचच्या हातून घेतले. मधल्या या हाताचा अर्थांवर फार मोठा परिणाम झाला आहे.

मराठी वाचकाला हे समजायला आपल्याच व्याकरणातली तत्सम आणि तद्भव ही विभागणी पुरेशी आहे. लोकांच्या तोंडी झिजत आलेले लॅटिन शब्द स्पॅनिशमध्ये इतके बदलले की ते कोणाला फसवूच शकत नाहीत: ‘फिलिउस’चे ‘इखो’ झाले, म्हणजे मुलगा, ‘लाक्ते’चे ‘लेचे’ झाले, म्हणजे दूध. एकाच लॅटिन शब्दाची दोन्ही रूपेही स्पॅनिशमध्ये नांदतात. ‘काथेद्रा’ म्हणजे खुर्ची. तिचे तत्सम रूप ‘कातेद्रा’ हे प्राध्यापकाचे पद झाले, तर झिजलेले रूप ‘कादेरा’ हे चक्क कंबरेखालचा, ज्यावर माणूस बसतो तो भाग दाखवू लागले. इंग्रजी ‘चेअर’ही फ्रेंचमार्गे याच शब्दातून आली आहे, पण ‘कादेरा’ पाहून कोणाला ‘चेअर’ आठवत नाही. फसवतात ते तत्सम. आपल्याकडे ‘शिक्षा’ हा संस्कृत शब्द हिंदीत शिक्षण राहिला आणि मराठीत दंड झाला. ‘संसार’ हिंदीत जग राहिला आणि मराठीत घरप्रपंच झाला. हिंदीभाषकाला मराठी वाचताना जी ठेच लागते, तीच इंग्रजी जाणणाऱ्याला स्पॅनिश वाचताना लागते.

काही जोड्यांत अर्थांची अदलाबदल इतकी नेमकी झाली आहे की त्यांकडे जरा थांबून पाहायला हवे. स्पॅनिशमध्ये ‘एक्सितो’ म्हणजे यश; इंग्रजीत ‘एक्झिट’ म्हणजे बाहेर जाण्याची वाट. लॅटिन ‘एक्सितुस’मध्ये बाहेर पडणे हा अर्थ होता आणि त्यावरून एखाद्या गोष्टीचा शेवट, निष्पत्ती हाही होता. निष्पत्ती चांगली वा वाईट कशीही असू शकते, म्हणून स्पॅनिशमध्ये चांगला ‘एक्सितो’ आणि वाईट ‘एक्सितो’ असे दोन्ही म्हणत. कालांतराने विशेषण गळाले आणि चांगला अर्थ तेवढा उरला. आता इंग्रजी ‘सक्सेस’ पाहू. लॅटिन ‘सुक्सेसुस’ म्हणजे मागोमाग येणे, घडून येणे. इंग्रजीतही हा शब्द आधी निव्वळ परिणाम या अर्थी होता. 1611 च्या बायबलच्या अनुवादात यहोशवाला ‘चांगला सक्सेस’ मिळेल असे आश्वासन आहे, कारण तेव्हा ‘चांगला’ हे विशेषण अजून वाया गेलेले नव्हते. पुढे इथेही ते गळाले. स्पॅनिश ‘सुसेसो’ मात्र ‘घडलेली गोष्ट’ या मूळ अर्थापाशीच थांबला, इतका की तिथल्या वृत्तपत्रांत अपघात आणि गुन्ह्यांच्या बातम्यांच्या पानाला ‘सुसेसोस’ म्हणतात. दोन भाषांनी एकच प्रवास केला, फक्त त्यासाठी वेगवेगळे शब्द निवडले. हे एकदा समजल्यावर या दोन शब्दांत माझी तरी पुन्हा गफलत झाली नाही.

‘एम्बारासादा’ची कहाणी आणखी वळणाची आहे, कारण तिथे शब्द स्पॅनिशकडून इंग्रजीकडे गेला आहे. ‘एम्बारासार’ या क्रियापदाचा जुना अर्थ अडवणे, वाटेत अडथळा आणणे असा होता, आणि त्याच्या मुळाशी बहुधा दोरी या अर्थाचा पोर्तुगीज ‘बारासो’ असावा. स्पॅनिशमधून तो फ्रेंचमध्ये गेला आणि फ्रेंचमधून सतराव्या शतकात इंग्रजीत आला. इंग्रजीत आधी अडचणीत टाकणे, मग गोंधळवणे आणि शेवटी लाजेने अवघडून टाकणे असा त्याचा अर्थ सरकत गेला. पैशाच्या ओढगस्तीबद्दल आजही तो जुन्या अर्थाने वापरला जातो. स्पॅनिशमध्ये तोच शब्द गरोदरपणासाठी सभ्य आडवळणाचा शब्द म्हणून वापरला जाऊ लागला आणि पुढे तोच सरळ अर्थ झाला. शरीराविषयीच्या गोष्टी उघड बोलायच्या नसल्या की भाषा अशी वाट काढते. ‘अडचण’ या शब्दाला मराठी घरांमध्ये कोणता खासगी अर्थ होता, हे मागच्या पिढीतल्या बायकांना सांगावे लागणार नाही.

‘कॉन्स्तिपादो’ हेही असेच. लॅटिन क्रियापदाचा अर्थ दाटणे, कोंबून भरणे. स्पॅनिशमध्ये दाटले ते नाक, इंग्रजीत दाटले ते पोट; म्हणून स्पॅनिश माणूस ‘कॉन्स्तिपादो’ झाला तर त्याचे नाक चोंदले आहे, त्याला सर्दी झाली आहे, एवढेच समजावे. ‘प्रेतेन्देर’चा अर्थ सोंग करणे नाही, तर एखाद्या गोष्टीची आकांक्षा धरणे, तिच्यावर हक्क सांगणे हा आहे. हा अर्थ इंग्रजीतही होता: 1715 च्या उठावामागे ज्याचा ब्रिटिश सिंहासनावरचा दावा होता, त्या जेम्स स्टुअर्टला इतिहासात ‘ओल्ड प्रिटेंडर’ म्हणतात ते दावेदार या अर्थाने. ‘आसिस्तिर’ म्हणजे हजर राहणे, ‘पारिएन्ते’ म्हणजे कोणताही नातेवाईक, ‘सेन्सिब्ले’ म्हणजे हळवा, ‘आक्तुआल्मेन्ते’ म्हणजे सध्या.

सगळ्याच फसव्या जोड्या मात्र अशा विभक्त झालेल्या भावंडांच्या नसतात. ‘ओन्से’ म्हणजे अकरा आणि ‘पिए’ म्हणजे पाऊल. इंग्रजीत हीच अक्षरे ‘वन्स’ आणि ‘पाय’ अशी वाचली जातात, पण हा केवळ योगायोग आहे. ‘रोपा’ म्हणजे कपडे; इंग्रजी ‘रोप’शी, म्हणजे दोराशी, त्याचा संबंध नाही. त्याचे खरे नातलग इंग्रजीत वेगळेच आहेत: लुटीचा माल या अर्थाच्या एका प्राचीन जर्मानिक शब्दातून स्पॅनिश ‘रोपा’ आली, इंग्रजी ‘रोब’ म्हणजे झगा आला आणि ‘रॉब’ म्हणजे लुटणेही आले, कारण लुटीत कपडे ही त्या काळी मोलाची वस्तू होती. याच्या उलट, रूप आणि अर्थ दोन्ही जुळूनही नाते नसलेले शब्दही आहेत. ‘मुचो’ आणि ‘मच’, ‘दिया’ आणि ‘डे’ या जोड्यांची मुळे पूर्णपणे निराळी आहेत. शिकणाऱ्याचे त्यामुळे काही बिघडत नाही, पण व्युत्पत्ती सांगणाऱ्याने जपायला हवे.

संख्यांच्या बाबतीत चूक महागात पडते. पंधराव्या शतकातला फ्रेंच गणिती निकोला शुके याच्या पद्धतीत ‘बिलियन’ म्हणजे दशलक्ष गुणिले दशलक्ष, आपल्या भाषेत लाख कोटी. अमेरिकेने नंतर हजार दशलक्ष, म्हणजे शंभर कोटी, हा लहान अर्थ स्वीकारला. ब्रिटन जुन्या अर्थाला धरून होते, पण 1974 मध्ये पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी सरकारी कामकाजात अमेरिकी अर्थ वापरला जाईल असे जाहीर केले. स्पॅनिश ‘बियोन’ मात्र आजही लाख कोटीच आहे, आणि शंभर कोटींना स्पॅनिशमध्ये ‘मिल मियोनेस’ म्हणतात. इंग्रजी आर्थिक बातमीचा स्पॅनिशमध्ये अनुवाद करणाऱ्याने हा शब्द तसाच उचलला तर रक्कम थेट हजारपट होते.

परंतु एका शब्दाची किंमत किती असू शकते हे 1980 च्या जानेवारीत दक्षिण फ्लोरिडात दिसले. अठरा वर्षांच्या एका खेळाडू तरुणाला बेशुद्ध अवस्थेत रुग्णालयात आणण्यात आले. त्याचे कुटुंब क्यूबन होते. खाण्यातून काहीतरी बाधले असावे, या अर्थाने घरच्यांनी ‘इंतोक्सिकादो’ हा शब्द वापरला, आणि ऐकणाऱ्यांनी तो ‘इंटॉक्सिकेटेड’ असा घेतला. ग्रीक भाषेत ‘तोक्सोन’ म्हणजे धनुष्य. त्यावरून बाणाला लावण्याच्या विषाला नाव पडले आणि लॅटिनमध्ये ‘तोक्सिकुम’ म्हणजे विष झाले. स्पॅनिशने तो अर्थ जपला, म्हणून शिळ्या अन्नातली विषबाधाही तिथे ‘इंतोक्सिकासियोन’च असते. इंग्रजीच्या रोजच्या बोलण्यात मात्र तो शब्द दारूच्या वा मादक द्रव्याच्या नशेपुरता उरला. डॉक्टरांनी अमली पदार्थांच्या अतिसेवनावर उपचार सुरू केले. प्रत्यक्षात त्या मुलाच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. तो लक्षात येईपर्यंत उशीर झाला आणि त्याचे हातपाय कायमचे लुळे पडले. पुढे सुमारे 7 कोटी 10 लाख डॉलरांची तडजोड झाली. रुग्णालयांत प्रशिक्षित दुभाषा का असावा, हे सांगताना अमेरिकेत हे उदाहरण आजही दिले जाते. घरचे लोक चूक बोलले नव्हते आणि ऐकणाऱ्यालाही आपण चुकीचे ऐकले असे वाटण्याचे कारण नव्हते. म्हणूनच कोणी पुन्हा विचारले नाही.

अमेरिकेत या दोन भाषा इतक्या जवळ आल्या त्यालाही इतिहास आहे. 1848 च्या ग्वादालुपे इदाल्गो तहाने मेक्सिकोला आपल्या जवळपास निम्म्या भूभागावर पाणी सोडावे लागले आणि तिथले स्पॅनिशभाषक अमेरिकेत आले. 1898 मध्ये पोर्तो रिको अमेरिकेच्या ताब्यात गेले. नंतर स्थलांतर वाढत राहिले. पिढ्यान्पिढ्या दोन्ही भाषा बोलणाऱ्या घरांत फसव्या जोड्या फसव्या राहत नाहीत, कारण इंग्रजीचा अर्थ हळूहळू स्पॅनिश शब्दात उतरतो. ‘आप्लिकार’ म्हणजे मलम लावणे किंवा नियम लावणे. नोकरीसाठी अर्ज करण्याला ‘सोलिसितार’ हा शब्द आहे. पण आता नोकरीसाठीही ‘आप्लिकार’ म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि स्पॅनिश भाषेच्या अकादमींनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शंकानिरसनाच्या कोशात हा वापर टाळावा असे सांगितले आहे.

‘कारपेता’चा प्रवास यात सर्वांत लांबचा आहे. इंग्रजीत ‘कार्पेट’ हे आधी टेबलावर घालण्याचे जाड कापड होते. तो शब्द फ्रेंचमध्ये जाऊन ‘कार्पेत’ झाला आणि तिथून स्पॅनिशमध्ये टेबलावरच्या कापडाचाच अर्थ घेऊन आला. टेबलावरून तो लिहिताना खाली ठेवण्याच्या पुठ्ठ्याकडे आणि तिथून कागद ठेवण्याच्या दुमडत्या पुठ्ठ्याकडे सरकला; इंग्लंडात तेच कापड दरम्यान टेबलावरून जमिनीवर उतरले. आणि आता टेक्सास किंवा कॅलिफोर्नियातल्या एखाद्या घरात आजी ‘कारपेता’ झाडायला सांगते, तेव्हा तिच्या मनात फाइल नसते, दिवाणखान्यातला गालिचा असतो.