‘पडून राहा’पासून ‘हलत राहा’पर्यंत

आईला आमवाताचं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते त्या ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं, निदान झालं तेव्हा सकाळी तिच्या मुठी वळत नसत. कणकेच्या परातीत हात ठेवून ती नुसती बसून राही. बोटं सैल व्हायला तास-दीड तास लागे. येणारा-जाणारा प्रत्येकजण सांगे, ‘काही करू नका, पडून राहा.’ सांगणाऱ्यांची काही चूक नव्हती. वैद्यकशास्त्रही कित्येक दशकं हेच सांगत आलं होतं.

‘माधवनिदान’ या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात मात्र आमवाताच्या कारणांत विरुद्ध आहार आणि मंदाग्नीबरोबर (म्हणजे मंद पचनाबरोबर) निश्चल राहणंही धरलेलं आहे. तो आमवात म्हणजे तंतोतंत आजचा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस नव्हे, पण सवयींचा विचार तेव्हापासूनचा आहे.

1800 साली पॅरिसमध्ये लांद्रे-बोवे या डॉक्टरांनी आजचा हा आजार गाऊटहून (युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीहून) वेगळा असल्याचं मांडलं आणि 1859 मध्ये ब्रिटिश डॉक्टर गॅरड यांनी त्याला आजचं नाव दिलं. सुजलेला सांधा वापरला की आणखी बिघडेल, या भीतीने रुग्णांना अंथरुणाला खिळवून ठेवलं जाई. 1948 मध्ये कॉर्टिझोन हे स्टेरॉइड औषध आलं, सूज झपाट्याने उतरू लागली. व्यायामाची धास्ती मात्र टिकून राहिली. नेदरलँड्समध्ये तीनशेवर रुग्णांचा दोन वर्षं अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष 2003 मध्ये आले: भरपूर व्यायाम करणाऱ्यांची ताकद वाढली, आजार बळावला नाही. फक्त आधीच बरेच खराब झालेले मोठे सांधे जपायला हवेत, असं दिसलं.

तंबाखूच्या धुराचा धागा तर अनपेक्षितपणे हाती लागला. 1987 मध्ये ब्रिटनमध्ये गर्भनिरोधक गोळ्या आणि सांधेदुखीचा संबंध तपासताना धूम्रपानाकडे बोट गेलं. पुढे स्वीडनमधल्या संशोधकांनी 2006 मध्ये त्याची एक संभाव्य साखळी मांडली: धुराने फुप्फुसातली प्रथिनं बदलतात, आणि विशिष्ट जनुकं असलेल्यांची प्रतिकारशक्ती त्या बदललेल्या प्रथिनांवर उलटते. सांध्यांच्या आजाराची सुरुवात फुप्फुसात होत असेल, ही कल्पना मला आजही हलवून सोडते.

आहाराबद्दल एवढी खात्री नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2022 मध्ये भाज्या, कडधान्यं, मासे आणि ऑलिव्ह तेलावर भर देणारा भूमध्यसागरी आहार सुचवला, तोही औषधांच्या जोडीला. पथ्याच्या भरवशावर गोळ्या बंद केलेले रुग्ण मी पाहिलेत. त्यांची वाकडी झालेली बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत.

आई मेथोट्रेक्सेटची आठवड्याची गोळी चुकवत नाही. सकाळी कोमट पाण्याच्या पातेल्यात दहा मिनिटं बोटांची उघडमीट करते, आणि मग कणीक मळायला घेते.