एमआरआयमधला 'अणू' आणि अंगातल्या अँटीबॉडी

गावच्या ग्रुपवर कापसाच्या भावाच्या खालोखाल फिरणारा जुना मेसेज: 'एमआरआय हे अणुयंत्र आहे, त्याच्या किरणांनी अंगातल्या अँटीबॉडी मरतात.'

घोळ नावाचा आहे, आणि तो होणं साहजिक आहे. या तंत्राचं मूळ नाव न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स, म्हणजे एनएमआर. इथलं 'न्यूक्लिअर' म्हणजे अणूचं केंद्रक. एमआरआयमध्ये मुख्यतः अंगातल्या पाण्यातल्या हायड्रोजनचं. ते फुटत नाही. चुंबकात असताना रेडिओलहरींना साद देतं, एवढंच. 1.5 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या जोराचं माप) यंत्रात या लहरी सुमारे 64 मेगाहर्ट्झच्या. वावरात वाजणाऱ्या एफएमच्या त्याहून वर, 88 ते 108.

आता अँटीबॉडीचं, म्हणजे रोगजंतूंना पकडणाऱ्या अंगातल्या प्रथिनाचं. तिची रचना शास्त्रज्ञ याच एनएमआरने अभ्यासतात. अख्खी अँटीबॉडी सुमारे दीड लाख डाल्टनची (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप), आकार इंग्रजी वायसारखा. एवढ्या मोठ्या रेणूचे संकेत धूसर येतात, म्हणून बरेचदा अँटिजेन, म्हणजे अँटीबॉडी ज्याला चिकटते तो पदार्थ, पकडणारा तुकडाच घेतात. बारीक काचनळीत त्याचं द्रावण ठेवून आधी एकट्याचा आलेख, मग अँटिजेन घालून दुसरा. आलेखातला एकेक ठिपका म्हणजे तुकड्याच्या एकेका जागेचा संकेत; जे ठिपके जागचे सरकले, पकड त्यांच्या आसपास. नळी तासन्‌तास दवाखान्यातल्यापेक्षा कितीतरी जबर चुंबकात असते. अँटीबॉडी लहरींनी मरत असती, तर दुसऱ्या आलेखात पकड दिसलीच नसती.

पडताळायचं तर जिल्ह्याला गेल्यावर दारावरच्या पाट्या बघा. एक्स-रे, सीटीच्या दारावर तीन पाकळ्यांचं किरणोत्साराचं चिन्ह. एमआरआयच्या दारावर चुंबकाचं. जपायचं ते चुंबकापासून: पेसमेकर असेल तर आधी सांगा, आणि खिशातला अडकित्ता बाहेरच ठेवा.