करून बघायचं विज्ञान

शाळेबाहेरची माणसं, म्हणजे इंजिनीअर, कॉलेजची पोरं, रिटायर झालेले प्राध्यापक, मुलं मोठी झाल्यावर थोडा वेळ मिळालेल्या आया, अशी कोणीही शाळेत जातात आणि मानधन न घेता मुलांकडून विज्ञानाचे छोटे प्रयोग नाहीतर खेळणी करून घेतात, त्या सगळ्या प्रकाराला मराठीत एकच पक्कं नाव नाहीये. कोणी विज्ञान खेळणी म्हणतं, कोणी विज्ञान जत्रा, कोणी कृतीतून विज्ञान. इथे 'करून बघायचं' हे मुद्दाम घेतलंय, कारण 'करून दाखवायचं' विज्ञान ही वेगळी गोष्ट आहे आणि या दोन्हीची गल्लत सगळीकडे होते, अगदी वर्षानुवर्षं या कामात असलेल्या लोकांकडूनसुद्धा.

करून दाखवायचं म्हणजे पाहुणे टेबलामागे उभे, समोर शंभर-दीडशे पोरं सतरंजीवर, धूर निघतो, फुगा फुटतो, टाळ्या पडतात, ग्रुप फोटो होतो. मागच्या रांगेला यातलं काही दिसलेलं नसतं. ही परंपरा वाईट आहे असं नाही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळात मुलांसाठी अशी व्याख्यानं होतात, स्वतः मायकल फॅरेडे तिथे अनेक वर्षं उभे राहायचे. पण फॅरेडे सगळीकडे मिळत नाहीत, आणि मिळाले तरी वायर फॅरेडेंच्याच हातात राहते. करून बघायच्या प्रकारात वायर मुलीच्या हातात असते, ती तिच्याकडून तुटते, आणि ती का तुटली इथून गप्पा सुरू होतात.

होशंगाबाद

भारतात याची गोष्ट सांगायची तर मध्य प्रदेशातल्या होशंगाबादपासूनच (आता नर्मदापुरम) सुरू करावी लागते. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सरकारची परवानगी घेऊन जिल्ह्यातल्या १६ सरकारी शाळांत सहावी ते आठवीचं विज्ञान प्रयोगातून शिकवायला घेतलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली नोकरी सोडून आलेले अनिल सद्गोपाल यात पुढे होते, आणि त्याच संस्थेतले शास्त्रज्ञ, दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक स्वतःचं काम सांभाळून गावातल्या शिक्षकांबरोबर बसायला यायचे. आता विचार केला की भारी वाटतं, मोठ्या मोठ्या संस्थेतला माणूस गावच्या गुरुजींशेजारी बसून बेडकाची अंडी बघतोय.

पुस्तकात उत्तरंच नव्हती, फक्त कृती आणि प्रश्न. मुलं चार-चारच्या टोळीत बसायची, प्रत्येक टोळीला किट, आणि निरीक्षण स्वतःच्या शब्दांत वहीत लिहायचं. परीक्षेला पुस्तक-वही घेऊन बसायची मुभा होती आणि प्रयोगाची परीक्षा वेगळी. सवालीराम नावाचं एक काल्पनिक पात्र होतं, त्याला मुलं पत्र लिहून काहीही विचारायची आणि त्यांना खरंखुरं उत्तर यायचं. १९७८ मध्ये हा कार्यक्रम सगळ्या जिल्ह्यात गेला, तो पुढे न्यायला १९८२ मध्ये एकलव्य संस्था निघाली, मग आणखी जिल्हे आले, आणि २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. तीस वर्षं! आजकालचे कार्यक्रम बंद पडत नाहीत कारण ते वर्षातून एकदा दोन तासांसाठी येतात, त्यात बंद पडण्यासारखं काही नसतंच. होशंगाबादवाल्यांनी पुस्तक, परीक्षा आणि शिक्षक या तिन्हींना हात घातला होता म्हणून तो टिकलाही आणि म्हणूनच खुपलाही, असं माझं मत आहे.

काडेपेटी, वॉल्व्ह ट्यूब आणि पुणे

याच होशंगाबादला १९७८ मध्ये पुण्याच्या टेल्कोतून (आताची टाटा मोटर्स) वर्षभराची रजा काढून एक इंजिनीअर गेला, आयआयटी कानपूरचा, अरविंद गुप्ता. गावच्या आठवडी बाजारात फिरताना त्याला सायकलच्या वॉल्व्हची बारीक रबरी नळी दिसली आणि तिच्यात काडेपेटीची काडी घट्ट बसते हे लक्षात आलं. नळीच्या छोट्या तुकड्यात दोन बाजूंनी दोन काड्या घातल्या की झाला वाकणारा सांधा. असे तीन सांधे, तीन काड्या म्हणजे त्रिकोण, चार म्हणजे चौकोन. चौकोन दाबला की लगेच कलंडतो, त्रिकोण हलत नाही, आणि मग पोरं आपणहून सांगतात की आमच्या घराच्या पत्र्याखालच्या कैचीत असंच असतं, विजेच्या टॉवरलाही तसंच आहे. फळ्यावर एक अक्षर न लिहिता.

पुढे २००३ पासून दहा-अकरा वर्षं गुप्ता पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. ती इमारत 'पुलस्त्य', नाव पु. ल. देशपांडे यांच्या आठवणीसाठी, आणि पुलस्त्य हा सप्तर्षीतला एक तारासुद्धा, तेव्हा खगोलवाल्यांच्या आवारात ते चपखल बसतं. तिथे शाळांच्या बस यायच्या, मुलं दिवसभर कचऱ्यातून खेळणी करून घेऊन जायची, आणि त्या खेळण्यांचे छोटे व्हिडिओ बऱ्याच भाषांत, मराठीतही, फुकट नेटवर टाकले गेले. २०१८ मध्ये गुप्तांना पद्मश्री मिळाली. आज गावागावात जो कोणी दादा स्ट्रॉची पिपाणी करून घेतो त्याने ती कुठून उचलली हे त्याला बऱ्याचदा माहीतही नसतं, आणि ते ठीकच आहे. आयुकाचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर, ते सही मागायला आलेल्या मुलांना सांगायचे की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर पाठवीन आणि त्याखाली सही असेल. म्हणजे सवालीरामच की.

बाकी महाराष्ट्रात १९६६ पासून मराठी विज्ञान परिषद आहे, तिच्या गावोगावच्या विभागांत काम करणारे जवळपास सगळे हौशीच. पुण्याची विज्ञानवाहिनी बसमध्ये प्रयोगशाळा घालून खेड्यातल्या शाळांत जाते, बरोबर बरेचसे निवृत्त लोक. मुंबईच्या नवनिर्मिती या संस्थेचा आग्रह असा की साहित्य इतकं स्वस्त पाहिजे की शाळेला एक नग नाही तर प्रत्येक पोराला एक मिळेल. आकाशाच्या बाजूने पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था (१९४४), मुंबईचं खगोल मंडळ, गोव्यात पणजीला गच्चीवरून आकाश दाखवणारी मंडळी.

एका तासात काय होतं

सगळ्यात जास्त मागणी मोटारीला असते म्हणून तीच सांगतो. लागतं काय तर एक टॉर्चचा सेल, दोन सेफ्टी पिना, ट्यूबचं रबर, एक छोटा लोहचुंबक आणि हातभर इनॅमलची, म्हणजे वर वीज अडवणारा लेप असलेली, तांब्याची तार. तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मागितली की तुकडे असेच देतात, चुंबक जुन्या स्पीकरमधला फोडून चालतो. तार सेलभोवतीच दहा-बारा वेळा गुंडाळून वेटोळं करायचं, दोन टोकं समोरासमोर बाहेर काढायची, पिना सेलच्या दोन्ही तोंडांना रबराने बांधायच्या, त्यांच्या भोकांत वेटोळ्याची टोकं टेकवायची, खाली चुंबक.

आणि ती फिरत नाही. चाळीसपैकी तीस जणांची पहिल्यांदा फिरत नाहीच, आणि खरा तास इथे सुरू होतो. कोणी इनॅमल खरवडलेलंच नसतं, तार चकाकते म्हणून त्यांना वाटतं तांबं उघडंच आहे. कोणी दोन्ही टोकं छान गोल खरवडलेली असतात, तर वेटोळं नुसतं डुलतं. कारण अर्धा फेरा झाला की चुंबकाचा ढकल उलट दिशेने लागतो आणि पुढे गेलेलं मागे येतं. म्हणून एक टोक सगळीकडून खरवडायचं आणि दुसरं एकाच बाजूने, म्हणजे उलट ढकलायची वेळ आली की करंट तोडला जातो आणि वेटोळं आधीच्या झोकानेच पुढे निघून जातं. हे आधीच सांगून टाकलं तर तीसच्या तीस मोटारी पाच मिनिटांत फिरतात आणि पोरांना काहीच कळत नाही. नवीन स्वयंसेवकाला सगळ्यात अवघड जाणारी गोष्ट हीच, मुलाच्या हातातली तार आपण न घेणं. मी स्वतः पहिली दोन-तीन वर्षं घ्यायचो, 'इकडे दे, मी करून देतो', आणि घरी येताना वाटायचं काय मस्त तास झाला.

अजून एक, चार जणांच्या गटात सामान पहिलं कोणाच्या हातात जातं ते बघा. बहुतेक वेळा मुलगा तार ओढतो आणि मुलीकडे वही येते, 'तुझं अक्षर चांगलंय तू लिही'. यावर प्रत्येकीला स्वतंत्र सामान यापेक्षा चांगला उपाय मला तरी सापडला नाही. अक्षर काय मुलांनाही सुधारता येतं.

चुकीचं विज्ञान पण पसरतं

ताटात पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वरून ग्लास उपडा. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढतं. यावर पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं की ऑक्सिजन जळून गेला, हवेत तो एक पंचमांश असतो म्हणून पाणी एक पंचमांश चढलं. ऐकायला गोड, पण बरोबर नाही. मेणबत्ती सगळा ऑक्सिजन संपायच्या बऱ्याच आधी विझते, शिवाय जळताना कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होतेच की. पाणी चढतं ते मुख्यतः आधी तापून फुगलेली हवा नंतर गार होऊन आकसते म्हणून. हे तपासायला तज्ज्ञ लागत नाही: पाणी जास्त करून ज्योत विझल्यावर चढतंय का बघायचं, आणि एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावून तोच ग्लास ठेवायचा. पाणी जास्त चढतं. ग्लासातला ऑक्सिजन तर तेवढाच होता! एका शाळेत सहावीतल्या पोरीने हे बोलून दाखवलं तेव्हा तिथले सर म्हणाले परीक्षेत एक पंचमांशच लिही. सरांनी आणि मी, दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

हळदीचं मात्र निर्धोक आहे. कागदाला ओली हळद फासून वाळवायची, त्यावर चुन्याच्या निवळीचं बोट ओढलं की लालभडक रेघ उठते, लिंबू पिळलं की परत पिवळी. हाच रंग वापरून बुवा लोक अंगात आलं, रक्त निघालं वगैरे दाखवतात, त्यामुळे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते शाळांतून चमत्कारांमागचं विज्ञान सांगतात त्यात ही अशी रसायनं हमखास असतात. राज्यघटनेच्या ५१ (क) कलमात वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून १९७६ मध्ये घातलं गेलं. कार्यक्रमाच्या प्रास्ताविकात ते वाचून दाखवतात, मुलं जांभया देतात, मग हळद आली की जागी होतात.

सावलीची गंमत

महाराष्ट्र सगळाच्या सगळा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे इथल्या प्रत्येक गावात वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली गायब होते. शून्य सावली दिवस. पुण्याला १३-१४ मे, मुंबईला त्याच्या एक-दोन दिवस पुढे, नागपूरला २६ मेच्या आसपास. वेळ पण घड्याळातले १२ नाही, पुण्यात साधारण साडेबारा, कारण आपलं घड्याळ अलाहाबादजवळच्या (आता प्रयागराज) रेखांशाचं. फुकटातला इतका सुंदर प्रयोग, आणि नशीब असं की मे महिन्यात शाळेला सुट्टी आणि दुसऱ्यांदा सावली जाते ती जुलै-ऑगस्टमध्ये, ढगात. त्यामुळे खगोलवाले तो सोसायटीच्या गच्चीवर, उन्हाळी शिबिरात, मामाच्या गावाला गेलेल्या पोरांकडून फोनवरून फोटो मागवून करतात. गावोगावचे फोटो आणि तारखा जुळवल्या की उत्तर-दक्षिण अंतर वहीत उतरतं.

शुक्राच्या अधिक्रमणाच्या वेळी, म्हणजे शुक्र सूर्याच्या तबकडीसमोरून जातो तेव्हा (८ जून २००४ आणि ६ जून २०१२), चेंडूवर चिकटवलेल्या छोट्या आरशाने सूर्याची प्रतिमा अंधाऱ्या वर्गाच्या भिंतीवर पाडायची युक्ती खूप वापरली गेली. डोळ्याला धोका नाही आणि अख्खा वर्ग एकदम बघतो. आरसा जितका लांब, प्रतिमा तितकी मोठी.

अडचणी

परवानगी ही पहिली. झेडपीच्या शाळेत मुख्याध्यापक हो म्हणाले तरी पत्र लागतं, आणि २८ फेब्रुवारी, म्हणजे विज्ञान दिन आला की (१९२८ मध्ये रामन परिणामाचा शोध लागला ती तारीख) सगळ्या शाळांना त्याच आठवड्यात पाहुणे हवे असतात, जूनमध्ये विचारलं तर कोणालाच नको. दुसरी अडचण किटची. देणगीत आलेलं किट कपाटात जातं, कपाटाला कुलूप, किल्ली ज्यांच्याकडे त्यांची बदली झालेली. म्हणून बरेच जण आता किट देतच नाहीत, सेल-पिना-तार मुलांच्या दप्तरातच जाऊ देतात. दुसऱ्या दिवशी निम्म्या मोटारींचे सेल घरच्या रिमोटमध्ये गेलेले असतात आणि पिना आईच्या साडीला.