एकसरचे नौयुद्ध-वीरगळ

मुंबईतील बोरिवली (पश्चिम) भागात, एकसर या जुन्या गावी असलेल्या, समुद्रावरील लढाईत कामी आलेल्या वीरांच्या स्मारकशिळा. मारुतीच्या पारालगत टेकून ठेवलेले, शेंदूर माखलेले वीरगळ मराठवाड्यातील गावोगावी दिसतात. त्यांवर ढाल-तलवारीची झुंज, घोडेस्वार किंवा वळवून नेल्या जाणाऱ्या गाई असतात. लढाऊ जहाजे कोरलेले वीरगळ मात्र विरळा. एकसरच्या शिळांचा संबंध देवगिरीच्या यादवांशी जोडला जात असल्याने मराठवाड्याच्या इतिहासातही त्यांना स्थान आहे.

1882 च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये येथील सहा शिळांचे वर्णन आले असून त्यांपैकी चार सुमारे दहा फूट उंच व तीन फूट रुंद होत्या. वीरगळाच्या रूढीप्रमाणे खालच्या पट्टात युद्ध, त्यावर अप्सरांच्या सान्निध्यात स्वर्गारोहण आणि वरच्या भागात शिवलिंगाची पूजा असा क्रम येथेही आढळतो. दोन्ही टोके उंच वळलेली जहाजे, बाजूने बाहेर आलेली वल्ह्यांची रांग, डोलकाठ्या आणि शस्त्र उगारलेले सैनिक इतके स्पष्ट कोरले आहेत, की तत्कालीन जहाजबांधणीचा पुरावा म्हणूनही त्यांचे मोल मोठे आहे. एका पट्टात अनेक जहाजांनी मिळून एका जहाजाला घेरले आहे व त्यावरील माणसे पाण्यात कोसळत आहेत.

शिळांवरील लेख झिजल्यामुळे त्यांचा काळ वादग्रस्त आहे. एका मतानुसार या शिळा माळव्याचा परमार राजा भोज याच्या कोकणस्वारीच्या असाव्यात. बांसवाडा व बेटमा येथील 1020 च्या ताम्रपटांत भोजाच्या कोकणविजयाचा निर्देश आहे खरा. परंतु त्यात सागरी युद्धाचा उल्लेख नाही. दुसरे मत इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी पुरस्कारलेले आहे. त्यानुसार यादव महादेव (कारकीर्द सुमारे 1261–71) आणि उत्तर कोकणचा अखेरचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात सुमारे 1265 मध्ये झालेल्या लढाईच्या या शिळा होत. महादेवाचा श्रीकरणाधिप (दप्तराचा प्रमुख अधिकारी) हेमाद्री, ज्याच्या नावावरून औंढा नागनाथसारख्या मंदिरांना आपण ‘हेमाडपंती’ म्हणतो, त्याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या आपल्या ग्रंथाच्या व्रतखंडातील राजप्रशस्तीत सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचे सांगितले असून, महादेवाच्या कोपापेक्षा सोमेश्वराने वडवानल (समुद्रातील अग्नी) पत्करला, असा अलंकारिक आशय मांडला आहे. प्रशस्तीतील अतिशयोक्ती वगळली तरी राजाचा अंत समुद्रावर झाला, हा तपशील शिल्पाशी जुळतो. म्हणून हे मत अधिक ग्राह्य वाटते.

हे वीर कोणत्या पक्षाचे, हा प्रश्न त्याहून नाजूक आहे. वीरगळ सामान्यतः मृताचे आप्त किंवा त्याचा धनी उभारतो. त्यामुळे मृत वीर शिलाहारांकडील असल्यास पराभवानंतरही त्यांच्या आप्तांनी या भव्य शिळा उभारल्या, असे मानावे लागते. ते यादवांकडील असल्यास, सह्याद्री उतरून आलेल्या आणि आयुष्यात प्रथमच जहाजावर चढलेल्या घाटमाथ्यावरील माणसांचीही ही स्मारके ठरू शकतात. या युद्धानंतर उत्तर कोकण यादवांच्या ताब्यात गेले आणि रामचंद्र यादवाच्या काळात तेथे देवगिरीचे अधिकारी कारभार पाहत होते.